ते फिटर होते

त्या वर्षी १ मे मला नव्हेरमध्ये काढावा लागला. कंपनीच्या कामासाठी सहा आठवडे तिथे होते आणि त्या दिवशी सगळं गाव बंद. कामगार दिनाला फ्रान्समध्ये कुणी कुणाला कामाला लावत नाही. चौकाचौकात पोरं आणि म्हाताऱ्या बायका पाण्याच्या बादलीत म्युगेच्या जुड्या ठेवून विकत होत्या. पांढऱ्या, घंटेच्या आकाराच्या बारीक फुलांची ती काडी १ मेला एकमेकांना द्यायची तिथे रीत आहे. मीही एक घेतली. द्यायला कुणी नव्हतं, म्हणून हातातच धरून चालत सुटले. आपल्याकडे एव्हाना सोसायटीत झेंडावंदन होऊन जिलेबी वाटून झाली असेल, अण्णा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत उभे राहिले असतील, असं मनात चाललं होतं. चालता चालता कालव्यावर आले. हिरवट, जागचं हलत नसल्यासारखं पाणी, काठाला बांधलेल्या दोन-चार बोटी, ओल्या गवताचा वास. गवतात म्युगेची एक जुडी पडली होती, पांढऱ्या दोऱ्यानं नीट बांधलेली. कुणाच्या हातून पडली असेल म्हणून मी उचलायला वाकले, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘राहू द्या, मादाम.’ कुत्र्याला फिरवायला आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं असावं, हिला काही माहीत नाही. ‘ती बेरेसाठी आहे,’ ते म्हणाले. थोडं थांबून, तेवढ्यानं सगळं कळावं अशा आवाजात म्हणाले, ‘ते फिटर होते.’

पंतप्रधान होते, असं ते म्हणाले नाहीत.

माझी मोडकीतोडकी फ्रेंच कामापुरती आहे, पण तो एक शब्द मला चांगला माहीत होता. आज्यूस्तर. ड्रॉइंगवर, सुट्या भागांच्या कागदांवर तो रोज समोर यायचा. जुळवणारा, बसवणारा, म्हणजे आपला फिटर. आणि माझे वडील, अण्णा, भोसरीत अठ्ठावीस वर्षं फिटर होते. आयटीआय करून सातारा जिल्ह्यातून आलेले. मी सातवी-आठवीत असताना एका रविवारी त्यांनी मला कानस मारायला शिकवलं होतं, लोखंडाच्या एका ठोकळ्यावर. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची. मनगट डुललं की पृष्ठभाग मधे फुगतो, कडा पडतात. तासभर घासून झाल्यावर त्यांनी ठोकळ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला आणि दोन्ही हातांनी तो खिडकीसमोर धरला. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. ‘हा उजेड दिसायचा बंद झाला पाहिजे,’ म्हणाले. त्या वयात मला ती शिक्षा वाटली होती. आज मी क्वालिटीत आहे, मायक्रॉनमध्ये मोजणारी यंत्रं माझ्या हाताखाली आहेत, तरी कुठलाही भाग हातात आला की नकळत उजेडाकडे धरते. त्यामुळे ‘ते फिटर होते’ हे वाक्य माझ्या मागे हॉटेलपर्यंत आलं, आणि तिथून पुण्यापर्यंत.

बेरे म्हणजे पिएर बेरेगोव्वा, १९९२-९३ मधले फ्रान्सचे पंतप्रधान. जन्म २३ डिसेंबर १९२५, रुआँ शहराला लागून असलेल्या देव्हील-ले-रुआँ या गावात. वडील युक्रेनमधून आलेले, कॅफे आणि किराण्याचं छोटं दुकान चालवणारे. पोरानं फिटर-मिलरचं प्रमाणपत्र घेतलं आणि सोळाव्या वर्षी कापड गिरणीत लागलं, मग रेल्वेत. युद्धाचे दिवस, जर्मन फौजा देशात, आणि हा रेल्वे कामगारांच्या प्रतिकार चळवळीत. पुढे गॅस कंपनीत नोकरी, तिथे एकेक पायरी वर. संध्याकाळी पक्ष, युनियन, बैठका. ही माणसं मी ओळखते. अशी माणसं आमच्या घरी यायची. शिफ्ट संपल्यावर, अंगाला कूलंटचा वास घेऊन, पतसंस्थेच्या नाहीतर युनियनच्या मीटिंगला. चटईवर बसायची, आई तिसऱ्यांदा चहा ठेवायची, आणि कुणीतरी एकजण न बोलता टिपण काढत बसलेला असायचा. बेरेगोव्वा हे माझ्या डोळ्यांसमोर त्या टिपण काढणाऱ्या माणसाच्या रूपात येतात. माजी पंतप्रधान पिएर मांदेस-फ्रान्स यांच्यासारख्या काटेकोर माणसाला त्यांनी गुरू मानलं होतं, हे वाचल्यावर तर जास्तच.

अशा माणसाची राजकारणातली वाट गावापासून सुरू झाली असेल, असंच आपल्याला वाटतं. आधी सरपंच, मग पंचायत समिती, मग वर. बेरेगोव्वांचं तसं नव्हतं, आणि त्यात काहीतरी दुखरं आहे. समाजवादी पक्षात ते मोठे झाले, डाव्या पक्षांच्या आघाडीच्या वाटाघाटींत बसले, पण लोकांनी निवडून द्यायची वेळ आली की पडले. १९७३ मध्ये ब्रीव्हमध्ये पडले, १९७८ मध्ये मोबजमध्ये पडले. दोन्ही गावं त्यांची नव्हती. १९८१ मध्ये मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी या फिटरला राष्ट्राध्यक्ष भवनाचा सरचिटणीस केलं. ज्या खुर्चीवर देशातल्या सर्वांत अवघड परीक्षा पास झालेले लोक बसायचे, त्या खुर्चीवर. पुढच्या वर्षी मंत्री. म्हणजे देश आधी मिळाला होता, गाव अजून मिळालेलं नव्हतं. ते मिळालं १९८३ मध्ये. निएव्र हा जिल्हा मित्तराँचा. तिथल्या शातो-शिनाँचे ते १९५९ पासून १९८१ पर्यंत महापौर होते. त्याच जिल्ह्याचं मुख्य शहर नव्हेर, आणि बेरेगोव्वा तिथले महापौर झाले. १९८६ मध्ये तिथूनच खासदार. बाहेरून आणून उतरवलेल्या उमेदवाराला फ्रेंच लोकही पॅराशूटमधून उतरलेला म्हणतात. पण उतरलेल्या माणसानं त्या जमिनीत मूळ धरलं.

फ्रान्समध्ये त्या काळी हे सर्रास चालायचं. माणूस आठवडाभर पॅरिसमध्ये मंत्री आणि शनिवारी आपल्या गावचा महापौर. (खासदारानं एकाच वेळी महापौर राहू नये, हा कायदा २०१४ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू झाला.) अर्थमंत्री असताना, पंतप्रधान असतानासुद्धा बेरेगोव्वा नव्हेरचे महापौर राहिले. १९९१ मध्ये फॉर्म्युला वनची फ्रेंच शर्यत शेजारच्या मान्यी-कूरला आली, त्यामागे मित्तराँ आणि हे दोघे होते. नोकऱ्या नसलेल्या त्या शेतकी भागात चार कारखाने, चार वर्कशॉप यावीत, एवढा साधा हिशोब होता. मी ज्या कामाला गेले होते तेही त्याच हिशोबाचं लांबचं टोक. नव्हेरच्या मोठ्या हॉस्पिटलला आज त्यांचं नाव आहे. मला त्या शनिवारांबद्दल फार वाटतं. ल्वार नदीवरचा तो दगडी पूल, वर चढत गेलेल्या गल्ल्या, कॅथेड्रल, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या ताटल्यांची दुकानं, आणि अर्थमंत्री कुणाच्या तरी घरकुलाची तक्रार ऐकत उभा. दोनदा नाकारलेल्या माणसाला एका गावानं अखेर आपलं म्हणणं, ही गोष्ट कुठल्याही मंत्रिपदापेक्षा मोठी असली पाहिजे.

आणि तरी त्यांच्या कामाबद्दल वाचत गेले तसा माझा जीव खालीवर होत राहिला. १९८४ ते १९८६ आणि पुन्हा १९८८ ते १९९२, इतकी वर्षं अर्थखातं त्यांच्या हातात होतं. फ्रँक मजबूत ठेवायचा, महागाई खाली आणायची, ही त्यांची जिद्द. ती त्यांनी पुरीही केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधली महागाई जर्मनीहूनही खाली गेली होती. वित्त बाजार मोकळे करण्याचं कामही त्यांच्याच काळात झालं. १९८९ मध्ये अर्थमंत्रालय लूव्रच्या राजवाड्यातून बेर्सीच्या नव्या इमारतीत हललं, तेव्हा मंत्री हेच. शेअर बाजारातले लोक त्यांच्यावर खूश होते. आणि त्याच वर्षांत गिरण्या, खाणी, पोलादाचे कारखाने बंद पडत होते आणि बेकारांचा आकडा ३० लाखांच्या घरात चालला होता. ज्याच्या हातात कधीकाळी कानस होती त्याच्या सहीनं कानस धरणाऱ्यांचे हात रिकामे झाले का? मी अर्थशास्त्रज्ञ नाही. रोजची भाकरी विकत घेणाऱ्याला महागाई सर्वांत जास्त मारते, हे त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. महिन्याच्या वीस तारखेनंतरचं आमचं स्वयंपाकघर मी पाहिलेलं आहे. पण बंद पडलेल्या कारखान्याच्या गेटवर उभे असलेले अण्णांचे मित्रही मी पाहिलेले आहेत. हे दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर मांडताना माझा हात थांबतो.

२ एप्रिल १९९२ रोजी ते पंतप्रधान झाले. सहा दिवसांनी त्यांनी संसदेत धोरणाचं भाषण केलं. ती चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. समाजवाद्यांवर तेव्हा पैशांच्या गैरव्यवहाराचे आरोप साचले होते आणि नव्या पंतप्रधानांनी भ्रष्टाचाराविरुद्ध लढायचं ठरवलं होतं. बोलता बोलता त्यांनी विरोधी बाकांकडे पाहून सांगितलं की आपल्याजवळ काही नावांची यादी आहे. सभागृह पेटलं. आरडाओरडा, बाकांवर मुठी, माणसं उभी राहिलेली. नावं त्यांनी वाचली नाहीत. मी प्रत्येक वेळी त्यांच्या हातांकडे बघते. जाडसर बोटं, कागद सरळ करणारी, पुन्हा सरळ करणारी. ती यादी काढायला नको होती, असं मला दर वेळी वाटतं. ज्याला आयुष्यभर आपल्या कामाच्या अचूकतेवर मान मिळाला, तो माणूस इथे मोजल्याशिवाय बोलला. पुढे जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्याच सरकारनं भ्रष्टाचाराला आळा घालणारा चांगला कडक कायदा केला. पण तोवर त्यांनी दुसऱ्यांपुढे धरलेला गुण्या लोकांनी त्यांच्याकडे वळवला होता.

फेब्रुवारी १९९३ मध्ये ‘ल कानार आंशेने’ या साप्ताहिकानं बातमी छापली. १९८६ मध्ये बेरेगोव्वांनी पॅरिसच्या सोळाव्या विभागात फ्लॅट घेतला होता आणि त्यासाठी त्यांना १० लाख फ्रँक बिनव्याजी मिळाले होते. देणारे रोजे-पात्रीस पेला, मित्तराँचे युद्धकैदेपासूनचे मित्र, उद्योगपती. कागद नोटरीसमोर झाला होता. कर्ज घेणं बेकायदा नव्हतं. पण याच पेलांचं नाव पुढे एका कंपनीच्या खरेदीची आतली माहिती वापरून शेअर घेतल्याच्या प्रकरणात आलं, त्याच प्रकरणात बेरेगोव्वांच्या मंत्रालयातले कार्यालयप्रमुख अडकले, आणि १९८९ मध्ये पेला वारले. कर्ज फेडलं का, या प्रश्नावर उत्तर आलं ते असं की अर्धी रक्कम जुनं फर्निचर आणि जुनी पुस्तकं देऊन फेडली आणि उरलेली चेकनं.

मराठीत या कर्जाला नेमका शब्द आहे. हातउसने.

आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. १९८८ मध्ये आत्याच्या लग्नासाठी अण्णांनी चाळीस हजार रुपये हातउसने घेतले होते, एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून. अण्णा तेव्हा कामगारांच्या पतसंस्थेचे खजिनदार. कागद केला होता, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. दोन वर्षांनी त्याच कंत्राटदाराच्या भावाला पतसंस्थेकडून कर्ज मंजूर झालं, नियमात बसणारं, सगळ्या सह्यांनिशी. तरी कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. अण्णा टपरीवर गेले की बोलणं थांबायचं, एवढंच. महिनाभरात त्यांनी खजिनदारपद सोडलं. नंतर किती तरी महिने ते कंपनीच्या बसनं न जाता सायकलनं जायचे, मागच्या रस्त्यानं. रात्री उशिरा ओट्यावर बसून राहायचे, आणि आई दिवा न लावता त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. पैसे शेवटच्या रुपयापर्यंत फेडले. पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत, सुतळीनं बांधलेल्या. मी लहान होते, पण माझा बाप चालताना खाली बघायला लागला हे मला कळलं होतं.

तिकडे फ्रान्समध्ये मार्च १९९३ मध्ये निवडणूक झाली. ५७७ जणांच्या सभागृहात समाजवादी साठीच्या आसपास उरले. बेरेगोव्वा स्वतः निएव्रमधून निवडून आले. त्यांच्या लोकांनी त्यांना टाकलं नाही. पण पक्षाच्या या पराभवाचं ओझं ते स्वतःच्या खांद्यावर घेऊन फिरत होते. ते खचलेले आहेत, बोलत नाहीत, हे जवळच्यांना दिसत होतं. पंतप्रधानपद गेल्याला पाच आठवडे झाले नव्हते. १ मे १९९३, शनिवार. नव्हेरमध्ये त्यांनी कामगार संघटनांच्या लोकांची भेट घेतली, दर वर्षीसारखी. संध्याकाळी कालव्यावर गेले, बरोबरच्या माणसांना थोडं दूर जायला सांगितलं, आणि आयुष्य संपवलं. ६७ वर्षांचे होते. अशा मरणाला एकच कारण शोधू नये, हे मला कळतं. बातमी, पराभव, आजारासारखं दाटून आलेलं नैराश्य, यातलं काय किती हे बाहेरच्यानं ठरवायचं नसतं. पण मला वारंवार वाटतं, त्या पाच आठवड्यांत कुणीतरी दिवा न लावता त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. कदाचित कुणी बसलंही असेल.

४ मेला नव्हेरमध्ये अंत्यसंस्कार झाले. मित्तराँ तिथे बोलले आणि त्यांचं ते वाक्य फ्रान्समध्ये आजही लोकांना पाठ आहे: जगातली सगळी स्पष्टीकरणं आणली तरी एका माणसाची अब्रू, आणि अखेर त्याचा जीव, कुत्र्यांपुढे टाकण्याचं समर्थन होणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा वाचताना मन अडखळलं. आधी अर्थमंत्री असलेल्या आणि पुढे पुन्हा झालेल्या माणसानं राष्ट्राध्यक्षाच्या श्रीमंत मित्राकडून एवढी रक्कम बिनव्याजी का घेतली, हे विचारणं पत्रकाराचं कामच होतं. मी त्या जागी असते तर मीही विचारलं असतं. आणि तो पैसा आला मित्तराँच्याच ओळखीच्या वर्तुळातून. त्या वर्तुळात जन्मल्यापासून वावरणारी माणसं असल्या गोष्टींतून सहज सुटून गेली. ज्याला एका फ्लॅटसाठी दुसऱ्याकडे हात पसरावा लागला, तोच अडकला. हे म्हणताना मी त्यांना निर्दोष ठरवत नाही. त्यांनी ते पैसे घ्यायला नको होते. अण्णांनीही घ्यायला नको होते, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

नव्हेरहून त्या रात्री मी घरी व्हिडिओ कॉल लावला होता. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, पण अण्णांना अलीकडे झोप येत नाही. मी त्यांना कालवा, फुलं, ते म्हातारे गृहस्थ, सगळं सांगितलं. फिटर पंतप्रधान झाला म्हटल्यावर ते उठून बसले. ‘कुठल्या ट्रेडचं सर्टिफिकेट म्हणालीस? मिलिंगपण?’ मग कर्जाचं सांगितलं. सांगू की नको असं झालं होतं, तरी सांगितलं. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

‘फेडले होते का त्यांनी सगळे?’

मी फर्निचरचं, पुस्तकांचं सांगितलं. ‘पुस्तकं देऊन?’ ते म्हणाले. ‘अगं, मग ते मोजणार कसं कुणी?’ त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. चुकलेल्या जॉबकडे बघून ते असेच बोलायचे, कुठे चुकलं ते स्वतःला समजावून घेत. मी काही बोलले नाही. त्यांनी विषय बदलला असं मला वाटलं, जेव्हा त्यांनी विचारलं, ‘त्यांच्या हाताला शेवटपर्यंत घट्टे राहिले असतील का गं?’

मी म्हटलं, अण्णा, चाळीसएक वर्षं झाली होती त्यांना कानस सोडून.

‘माझे गेले,’ अण्णा म्हणाले, आणि त्यांनी उजवा तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. फार जवळ धरला. मागच्या ट्यूबलाइटचा उजेड बोटांच्या फटींतून येत होता आणि पडद्यावर बाकी काहीच दिसत नव्हतं. ‘बघ,’ म्हणाले, ‘नीट बघ, आहे का कुठे?’